एकादशीचा पहारा

"तोंड उघडून दाखवा बुवा, सगळ्याइच्या समोर," देवानंद म्हणाला. "खर्रा खात नसान तर घाबरता काहून?"

सप्त्याची बैठक मारुतीच्या पारावर बसली होती. बार्शीटाकळीच्या पलीकडचं हे गाव. चैत्रात इथे सात दिवस नामाचा गजर चालतो आणि त्या सात दिवसांत वीणा जमिनीला टेकत नाही. एकाच्या गळ्यातून ती दुसऱ्याच्या गळ्यात जाते. तीन-तीन तासांचे पहारे असतात, दिवसाचेही आणि रात्रीचेही. ज्याच्या गळ्यात वीणा, तो बसत नाही, कुणाशी बोलत नाही, नामाशिवाय ओठ हलवत नाही. लहानथोर येऊन त्याच्या पाया पडतात, कारण तेवढा वेळ तो अमक्याचा तमका राहत नाही, देवाच्या दारातला खांब होतो. त्यातही एकादशीच्या दुपारचा पहारा, तीन ते सहाचा, सगळ्यांत मानाचा. सूर्योदयापासून पाण्याचा थेंब न घेतलेल्या माणसानेच तो करायचा. एकोणीस वर्षं तो उत्तमरावांकडे होता, त्याआधी त्यांच्या वडिलांकडे.

उत्तमराव एकसष्ट वर्षांचे. वांगी, मेथी, सांबार म्हणजे कोथिंबीर पिकवायची आणि अकोल्याच्या बाजारात न्यायचा, हा त्यांचा धंदा. गळ्यातल्या तुळशीच्या माळेला चौतीस वर्षं झालेली. देवानंद त्यांचा चुलतभाऊ, दहा वर्षांनी धाकटा, वावरंही शेजारी, बांधाला बांध, धुऱ्याला धुरा लागून. दोन घरांत बोलणं उरलं होतं ते सप्त्यापुरतं, आणि तेही असलं.

उत्तमरावांनी तोंड उघडलं नाही. उघडलं असतं तर लोकांना खर्रा, तंबाखू-सुपारीचा तो घोटलेला चुरा, दिसला नसता, खिंडार दिसलं असतं: उजवीकडचे तीन दात गेलेले. त्यांनी मान हलवली आणि रुमाल गालाशी आणखी घट्ट धरला.

"पाहा! चैत्राच्या उन्हात गालाले रुमाल कोन बांधते बे? लोक म्हनतात कॅन्सर हाय. माळकऱ्याले तोंडाचा कॅन्सर कसा होते, हे इचारा त्याइले."

"देवानंदा, जीभ आवर," म्हातारे शालिकराम म्हणाले. सप्त्याची सूत्रं त्यांच्याकडे होती. सगळा गाव त्यांना आबाजी म्हणायचा.

"आवरतो आबाजी. फक्त एक सांगा. याइचं दुखनं एकादशीलेच काहून येते? दशमीले मानूस ठणठणीत. एकादशी लागली का गाल धरून बसते. द्वादशीले तं भिताडाले डोकं टेकून रडते, माह्या पोराइनं पाह्यलं. देव काही आंधळा नाही. कोन चोरून काय खाते, त्याले दिसते."

पारावर हसू फुटलं. उत्तमराव उठून त्याच्या अंगावर जातील असं काहींना वाटलं. ते उठले नाहीत. देवानंदचं बोलणं खोटं होतं म्हणून त्यांना राग आला नव्हता. ते खरं असावं अशी त्यांना भीती होती, म्हणून आला होता.

शेवटी आबाजींनी तोडगा काढला. या सालचा एकादशीचा पहारा उत्तमरावांचाच. पण पहाऱ्यात वीणा जमिनीला टेकली, तर पुढच्या सालापासून तो देवानंदच्या घरी जाईल.

"अन् निर्जळी पक्की पाह्यजे," देवानंद म्हणाला. "ज्याच्या पोटात पानी गेलं त्यानं वीणेले हात लावाचा नाही. हे तुमच्याच बापानं ठरवलेलं हाय, बुवा."

"मंजूर," उत्तमराव दात आवळून म्हणाले. त्या एका शब्दाने उजव्या डोळ्यात पाणी आलं.

हे दुखणं सुरू झालं त्याला दोन वर्षं झाली होती. मेथीच्या जुड्या बांधता बांधता त्यांनी सुतळी दाताने तोडली आणि विहिरीवरच्या मोटारीच्या उघड्या तारेला ओला हात लागावा तसा उजव्या गालात झटका बसला. चार-पाच सेकंद. जुडी चिखलात पडली. मग काहीच नाही, जणू झालंच नव्हतं. मग तोंड धुताना झालं. मग घास चावताना. बाजारात "वांगे घ्या" म्हणून हाक मारताना. पहाटे मालाच्या गाडीत मोर्णा नदीच्या पुलावर वारा लागला तरी. पुढे पुढे दुखण्यापेक्षा दुखण्याची वाटच जास्त खायला लागली. ते दाढी करीनात, हसेनात, कीर्तनात धृपद धरीनात. ज्याचा आवाज मांडवाबाहेर शंभर पावलं जायचा, तो माणूस आता ओठ न हलवता पुटपुटायचा. गावाला वाटलं, बुवांना गर्व चढला.

दातवाल्याने आधी एक दात काढला. दुखणं होतं तिथेच. उत्तमरावांनी हट्ट करून दुसरा काढायला लावला, मग तिसरा. तिसरा चांगला शाबूत होता. दातवाला नको नको म्हणत होता.

शेवटी अकोल्याच्या डॉक्टर माधवीबाईंनी डोक्याचा मोठा फोटो काढवला आणि म्हणाल्या, "दातांचा काही गुन्हा नव्हता, काका. चेहऱ्याच्या संवेदना मेंदूकडे नेणारी एक नस असते. आत एक रक्तवाहिनी तिला खेटली आहे. त्यामुळे ती भडकते आणि साधा वारासुद्धा तिला सुरीसारखा लागतो. हा कॅन्सर नाही. तुम्ही काही खाल्ल्यामुळे झालेलं नाही. तुमचा दोष नाही यात."

मग गोळीचं सांगितलं. आधी थोडी, मग हळूहळू वाढवत न्यायची. सुरुवातीला चक्कर येईल, झोप येईल. अधूनमधून रक्त तपासायचं. अंगावर पुरळ उठली तर ताबडतोब यायचं. "आणि ही दुखल्यावर घ्यायची गोळी नाही. दुखू नये म्हणून घ्यायची. सकाळी सात, संध्याकाळी सात. एकही वेळ चुकवायची नाही, मनाने बंद करायची नाही. गोळ्यांनी भागलं नाही तर ऑपरेशनही असतं, पण ते पुढचं पुढे. कोणत्या दिवशी दुखलं ते लिहून ठेवा."

उत्तमरावांनी मान डोलावली. एकादशीचं माधवीबाईंनी विचारलं नाही आणि त्यांनाही सांगायचं सुचलं नाही. निर्जळीला पाणी घोटायचं नाही म्हणजे गोळीही घोटायची नाही, यात सांगण्यासारखं काय होतं? आपण श्वास घेतो हे कुणी डॉक्टरला सांगतं का?

गोळीने फरक पडला. पंधरवड्यातले बारा-तेरा दिवस गाल बहुतेक गप्प राहायला लागला. पण एकादशीची दुपार कलली की तोच झटका, आणि द्वादशीला तर झटक्यावर झटके. उत्तमरावांनी त्याचा अर्थ लावला तो त्यांच्या परीने. डॉक्टरची गोळी माणसाच्या दुखण्यावर चालत होती. एकादशीचं दुखणं माणसाचं नव्हतं.

कारण एक गोष्ट फक्त त्यांनाच ठाऊक होती. अकरा वर्षांपूर्वी, हिवरखेडला भाच्याच्या, पियुषच्या लग्नात, मांडवामागे जुन्या मित्राने हातावर खर्रा ठेवला होता आणि गळ्यात माळ असताना त्यांनी तो तोंडात टाकला होता. उजव्या गालात.

दशमीच्या संध्याकाळी आशाबाईंनी भिंतीवरचं कॅलेंडर काढून नवऱ्यापुढे टाकलं. त्यावर दुखलेल्या दिवसांना लाल पेनने फुल्या मारलेल्या होत्या.

"हे पाहा जरा. ही माघातली एकादशी, फुली. तिची द्वादशी, फुली. मंग धा-बारा रोज काहीच नाही. मंग पुन्हा एकादशी, फुली. फाल्गुनात तेच. तुमी गोळी सोडता तवा दुखते. इतकी सोपी गोष्ट हाय."

"तुले लय समजते."

"मले नाही समजत, म्हनूनच डॉक्टरीणबाईले दाखोलं."

उत्तमरावांनी मान वर केली. "तू अकोल्याले गेल्ती? मले न इचारता?"

"गेल्ती. सांबाराच्या गाडीत बसून गेल्ती. त्या बाईनं कपाळाले हात लावला. म्हने, उपास करा, कोन नाही म्हनते? पन गोळी अन् दोन घोट पानी सुटलं नाही पाह्यजे. एकदम बंद केली का नस दुप्पट चवताळते म्हने."

"म्हंजे साऱ्या अकोल्यात बोंब मारून आली का उत्तमरावले निर्जळी झेपत नाही!"

"डॉक्टरले सांगनं म्हंजे बोंब असते का? दात काहाडले तीन, तवा नाही वाटली लाज?"

"माह्या बापानं पन्नास वर्ष निर्जळी केली!"

"तुमच्या बापाच्या गालात नस भडकली नव्हती!"

उत्तमरावांनी कॅलेंडर उचललं आणि मधोमध फाडलं. फाडता फाडता ओरडले, आणि त्या ओरडण्यानेच गालाला चूड लागली. दोन्ही हातांनी तोंड धरून ते जमिनीवर वाकले. आशाबाई जवळ गेल्या नाहीत. झटका असताना स्पर्शही सोसत नाही, हे त्या दोन वर्षांत शिकल्या होत्या. त्या उभ्या राहिल्या आणि मनात आकडे मोजत राहिल्या. अकराव्या आकड्याला नवऱ्याचे खांदे सैल झाले.

"मी खाल्ला होता," उत्तमराव जमिनीकडे बघत म्हणाले. "पियुषच्या लग्नात. खर्रा. माळ घालून. याच गालात."

आशाबाईंनी कॅलेंडरचे दोन तुकडे उचलून एकावर एक ठेवले. मग बोलल्या त्या अशा, की पुढे कित्येक दिवस ते उत्तमरावांच्या कानात राहिलं.

"एका खर्र्यासाठी देव दोन वर्ष गालात सुरी खुपसते? एवढा कुचका हाय तुमचा इठ्ठल? मंग तुमी चौतीस वर्ष कीर्तनात आयकलं तरी काय? दयाळू, कनवाळू, मायबाप म्हनता, अन् घरी येऊन त्याले देवानंदसारखा समजता?"

"गप बस."

"बसते. पन गोळी मी पदराले बांधून मांडवात येईन. घ्याची का नाही, ते तुमचं तुमी पाहा."

संध्याकाळची गोळी उत्तमरावांनी घेतली. दुसऱ्या दिवशी सकाळी सातची घेतली नाही.

एकादशीला त्या घरात चूल पेटली नाही. निर्जळी दोघांचीही असे, आशाबाईंची लग्नाच्या दुसऱ्या सालापासून. गावाला मात्र ठाऊक होती ती एकट्या उत्तमरावांची.

तीन वाजता उत्तमरावांनी वीणा गळ्यात घातली. बाहेर ऊन नुसतं पांढरं झालं होतं. मांडवाच्या दोन्ही टोकांना लोखंडी कूलर घरघरत होते. टाळकरी दोन रांगांत उभे राहिले. रामकृष्णहरी सुरू झालं आणि तासभर सगळं बरं चाललं. घसा कोरडा होता, पण घशाची सवय होती. गाल शांत होता. एकदा तर उत्तमरावांनी ओठ नेहमीपेक्षा जरा जास्त उघडले आणि आपला आवाज त्यांच्या कानावर आला, तेव्हा छाती भरून आली.

साडेचारच्या सुमाराला देवानंद टाळ बाजूला ठेवून उठला. "बुवाले उकडून राह्यलं," असं मोठ्याने म्हणत त्याने कूलरचं तोंड फिरवलं.

थंड ओला वारा नेमका उजव्या गालावर आला.

पहिला झटका त्यांनी सोसला. डोळे मिटले, पण बोट तारेवर चालत राहिलं. दुसऱ्याला गुडघा वाकला. लोकांनी पाहिलं की वीणेचा भोपळा हातभर खाली आला आणि पुन्हा वर गेला. टाळांचा ठेका चुकला. तिसरा झटका आला तेव्हा नाम बंद पडलं. उत्तमरावांच्या तोंडून जनावरासारखा आवाज निघाला आणि वीणा तिरपी झाली.

"टेकते! टेकते!" देवानंद दोन्ही हात पुढे करून धावला. "सोडा बुवा! इकडे द्या!"

उत्तमरावांनी वीणा छातीशी कवटाळली. देवानंदने तिची दांडी धरली. क्षणभर दोघे चुलतभाऊ वीणेच्या दोन बाजूंना, जुन्या भांडणात धुऱ्यावर उभे राहावे तसे उभे होते. तेवढ्यात बायकांच्या बाजूने आशाबाई आल्या. एका हातात तांब्या, दुसऱ्यात गोळी. आधी त्यांनी कूलरचं बटन बंद केलं. मग नवऱ्यासमोर उभ्या राहिल्या.

"पानी पेलं का वीणा गेली!" देवानंद ओरडला. "आबाजी, तुमी साक्षी हा!"

उत्तमरावांनी बायकोकडे पाहिलं. तिच्या ओठांना पांढऱ्या भेगा पडल्या होत्या. तिने "घ्या" म्हटलं नाही. नुसता हात पुढे धरला. गालातली आग अजून विझली नव्हती, पुढच्या झटक्याला किती वेळ आहे ते त्यांना कळत नव्हतं, आणि तरी त्या घडीला त्यांच्या मनात एकच विचार आला: मी हिला मारायला धावलो तरी ही इथे उभी राहील. मग तो विठ्ठल तर हिच्याहून मोठा. तो मला असं का छळेल?

त्यांनी तोंड उघडलं. सगळ्या मांडवाला ती तीन दातांची मोकळी जागा दिसली. आशाबाईंनी गोळी डाव्या बाजूला ठेवली आणि घोटभर पाणी ओतलं.

"मोडली!" देवानंद हसत म्हणाला. "निर्जळी मोडली. आणा वीणा."

"देतो," उत्तमराव कसेबसे म्हणाले. "पन पोटात पानी गेलेल्यानं वीणेले हात लावाचा नाही, हे तूच म्हनला."

आबाजी पुढे आले. हळूच म्हणाले, "देवानंदा, तू सकाळपासून काय घेतलं?"

"मी? मी उपास केला."

"काय घेतलं?"

"चहा. अन् थोडी साबुदान्याची उसळ. हे उपासाले चालते आबाजी, साऱ्या जगाले चालते!"

"निर्जळीले चालते का?"

मागून कुणीतरी खुसखुसलं. आबाजींनी टाळकऱ्यांकडे नजर फिरवली. ज्याच्याकडे नजर गेली त्याने मान खाली घातली. कुणी ताक घेतलं होतं, कुणी शेंगदाण्याचे लाडू. एवढ्या उन्हात दुसरं होणार तरी काय? आबाजींनी स्वतः दोनदा लिंबूपाणी घेतलं होतं.

"आता वीणा घ्याची कोनं?" ते म्हणाले.

उत्तमरावांनी वीणेचा पट्टा मानेवरून काढला आणि पुढे वाकून तो आशाबाईंच्या गळ्यात घातला. मग रीतीप्रमाणे, जसं वीणा घेणाऱ्याच्या पाया पडतात तसे, त्या भरल्या मांडवात बायकोच्या पाया पडले.

"हे काय करता?" आशाबाई दचकून मागे सरल्या, पण वीणा गळ्यात होती. ती सावरणं भाग होतं.

"बाईच्या गळ्यात वीणा!" देवानंदचा आवाज फाटला. "बाटवला सप्ता! उत्तमरावाच्या घरानं देव बाटवला!"

"कालपासून तिच्या पोटात पान्याचा थेंब नाही," उत्तमराव म्हणाले. "तुह्या घरात असन कोनी असं तं बोलाव."

देवानंदने बाजूला ठेवलेले टाळ उचलून आपटले आणि तो मांडवाबाहेर गेला. त्याच्यामागे आठ-दहा जण गेले. जाताना एकजण आशाबाईंच्या पायाजवळ थुंकला. बायकांतल्या लीलाबाईंनी त्याच्या सात पिढ्यांना ऐकू जाईल असं काही सुनावलं. मांडव अर्धा रिकामा झाला.

आशाबाईंना वीणा छेडता येत नव्हती. बोट कधी तारेला लागायचं, कधी नुसतं हवेत फिरायचं. कोरड्या घशातून नाम निघेना. पहिल्यांदा निघालं ते घोगरं, रागीट, भांडणाच्या आवाजात: रामकृष्णहरी. कुणीच मागे म्हटलं नाही. त्यांनी पुन्हा म्हटलं. मग उत्तमरावांनी देवानंदने टाकलेले टाळ उचलले आणि खाली बसून ठेका धरला. गोळी म्हणजे काही अंगारा नव्हे. पुढच्या तासात त्यांना आणखी दोनदा झटका आला. दोन्ही वेळा त्यांनी टाळ मांडीवर ठेवून गाल धरला आणि पुन्हा उचलले. लीलाबाईंनी बायकांच्या बाजूने धृपद धरलं. उरलेल्या टाळकऱ्यांतले चार आले, मग पाचवा आला.

सहा वाजता पुढचा पहारेकरी नत्थुजी आला. आशाबाईंच्या पाया पडावं की नाही या विचारात तो जरा घुटमळला. आबाजींनी खाकरून त्याच्याकडे पाहिलं तेव्हा तो वाकला. वीणा त्याच्या गळ्यात गेली.

"वीणा टेकली नाही," आबाजी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले. "ठरलं होतं ते एवढंच. पहारा उत्तमरावच्या घरी."

मांडवाच्या तोंडाशी देवानंद कमरेवर हात ठेवून उभा होता. त्याच्यामागे त्याची माणसं.

"हे इथं मिटलं नाही," तो म्हणाला. "बाईनं वीणा धरली, याचा जाब द्यावा लागन. उद्या सकाळी सातले बैठक. पारावर. हिंमत असन तं या दोघंबी."

उत्तमराव त्याच्यासमोर थांबले. ओठ जेमतेम हलवत, एकेक शब्द सुटा करत बोलले.

"सातले नाही. साडेसातले ठेव."

"काहून?"

"सातले माही गोळी असते."

"द्वादशीले? पारनं फेडाच्या आधी?" देवानंदने लोकांकडे वळून हात पसरले. "आयका! आयका आपल्या बुवाचं!"

"आधी," उत्तमराव म्हणाले, आणि आशाबाईंच्या मागे घराच्या वाटेला लागले.